अप्पा, त्या कापसाचं लिहायचं राहिलं

अप्पा,

आज सकाळी प्राणिगृहाचं दार उघडलं आणि सवयीनं तुमचाच नमस्कार म्हणाले, "शरणार्थ." आतून उत्तर आलं नाही. उंदीर तेवढे तुसात खसखसले. इतक्या वर्षांत या दाराचं कुलूप मी आज पहिल्यांदा काढलं. किल्ली उलटी फिरवावी लागते हेसुद्धा मला माहीत नव्हतं, सांगायला लाज वाटते. ताडकळसहून पहिल्या एसटीनं येऊन तुम्ही दार उघडलेलं असायचं, कपाळावर विभूतीचे पट्टे, हातात झाडू. मी सेलूच्या गाडीनं डुलक्या घेत दहाला पोचायचे आणि वर तुम्हालाच विचारायचे, "काय अप्पा, आज उशीर झाला का?"

खाली कॉलेजच्या फळ्यावर तुमच्याबद्दल चार ओळी लिहिल्या आहेत. मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष, नियमाला धरून चालणारे. वाचून माझं डोकंच फिरलं. मनमिळाऊ होतात, मान्य. पण नियमाला धरून? ज्या एका गोष्टीसाठी मी तुम्हाला जन्मभर मानत आले, ती तुम्ही नियम मोडून केली होती. गेलेल्या माणसाला इतकं गुळगुळीत करायचं नसतं. निदान मी तरी करणार नाही.

पहिला दिवस आठवतो का? मी पीएचडीला नुकतंच नाव घातलं होतं आणि नाक पार वर होतं. हैदराबादहून माझे उंदीर आले होते, खास जातीचे. मी तुम्हाला भाषण दिलं: या उंदरांच्या एका जनुकात जन्मतःच बिघाड आहे, पोट भरल्याचं यांच्या मेंदूला कळत नाही, म्हणून हे खात सुटतात, लठ्ठ होतात, यांना साखरेचा आजार होतो आणि मग यांची जखम लवकर भरत नाही. साखरेच्या माणसाचं होतं तसंच. तुम्ही सगळं शांतपणे ऐकून घेतलं, पिंजऱ्यात डोकावलात आणि म्हणालात, "आमच्या आळीत दुकानात बसत्यात, तसंच बसलेत की हे. शेठजी!" तेव्हापासून ते शेठजी आणि साधे चपळ उंदीर म्हणजे गडी. माझ्या वहीत लांबलचक इंग्रजी नावं होती, पण आठवड्याभरात मीसुद्धा शेठजीच म्हणायला लागले. एकदा तर माझ्या मार्गदर्शक सरांसमोर तोंडून निघून गेलं.

काम तसं साधं होतं. भूल द्यायची, पाठीवरचे केस काढायचे, मसुराच्या दाण्याएवढी गोल जखम करायची. मग एक दिवसाआड पारदर्शक कागद ठेवून जखमेची कड गिरवायची आणि ती किती आत सरकली ते मोजायचं. गड्यांची जखम बघता बघता मिटायची. शेठजींची मात्र तशीच राहायची, ओलसर, कडा जाड, पंधरवडा उलटला तरी. त्यावर माझं मलम लागू पडतं का, एवढाच माझा प्रश्न. त्या प्रश्नावर मी माझी पदवी, माझी नोकरी आणि वडिलांचा सगळा अभिमान टांगून ठेवला होता.

कड गिरवायला उंदीर स्थिर धरावा लागतो, आणि तो धरायचात तुम्ही. मी हातमोजे घालून मुठीत आवळायचे आणि दोनदा चावून घेतलं होतं. तुम्ही शेपटीच्या मुळाशी दोन बोटं लावायचात आणि त्याला सदऱ्याच्या बाहीवर उभा राहू द्यायचात. तो आपणहून बाहीला घट्ट धरून बसायचा. "त्याला पायाखाली कायतरी लागतं, ताई," तुम्ही म्हणायचात, "तुमी त्याला हवेत धरायलाव, मग त्यो चावंल न्हाई तर काय करंल?" शेठजींचं तूस लवकर भिजतं, म्हणून नियमात आठवड्यातून दोनदा असताना तुम्ही ते रोज बदलायचात. पिंजऱ्याच्या तळाला उताणा तळहात लावून गारवा बघायचात, आई मुलाच्या अंगाला हात लावून ताप बघते तसा. आज माझे विद्यार्थी उंदीर बाहीवर घेतात. त्यांना वाटतं हे मॅडमनी शिकवलं.

आणि शेवटचा दिवस. प्रयोग संपला की कातडी तपासायला घ्यावी लागते, म्हणजे उंदीर जातात. त्या दिवशी तुम्ही जेवणाचा डबा उघडायचा नाहीत. एकेका पिंजऱ्यासमोर उभं राहून गळ्यातल्या लिंगाला हात लावायचात, शरणार्थ म्हणायचात आणि बाहेर पायरीवर जाऊन बसायचात. मी तेव्हा जिभेनं फार तिखट. म्हणाले, "एवढं वाईट वाटतं तर हे काम धरलंत कशाला?" तुम्ही चिडला नाहीत. "वाईट वाटणारं मानूस इथं नगं का?" एवढंच विचारलंत. वर म्हणालात, "त्यांचा जीव गेलाय ताई तुमच्या कागदापायी. त्या कागदात तेवढं खोटं नगं." मी मान डोलावली. असल्या बोलण्याला मान डोलवायला काय लागतं?

त्या हिवाळ्याबद्दल आपण नंतर इतक्या वेळा भांडलो की तुम्हाला तो पाठ असेल. मला तरी पुन्हा सांगू द्या. परभणीची थंडी ज्यांनी खाल्ली नाही त्यांना मराठवाडा म्हणजे नुसतं ऊन वाटतं. त्या वर्षी सकाळी नळाला हात लावला की बोटं बधिर व्हायची. खोलीत एक हीटर होता, पण त्याची ऊब वरच्या फळीपर्यंतच. खालच्या फळीला खिडकीच्या फटीतून वारं लागायचं. वरच्या फळीवर साध्या मलमाचे शेठजी, खालच्या फळीवर माझ्या औषधी मलमाचे. ही मांडणी माझी. मलम लावताना हाताशी बरं पडतं म्हणून केलेली, दुसरं काही कारण नाही. पिंजऱ्यात तुसाशिवाय काही घालायचं नाही, कापूस तर मुळीच नाही, तो जखमेला चिकटतो, हा सरांचा नियम दारावरच लावलेला होता.

आणि खालच्या फळीचे शेठजी बरे व्हायला लागले! कडा आत सरकायला लागल्या. मी दर वेळी गिरवायचे आणि दर वेळी उड्या मारायचे. एकदा एका जखमेच्या कडेला कापसाचा बारीक धागा चिकटलेला दिसला. चिमट्यानं काढला, माझ्याच बोळ्याचा असेल म्हणाले आणि पुढे गेले. तो धागा मला आजही दिसतो, अप्पा. माझ्या हातात होता तो.

सगळ्यांसमोर निकाल मांडायला चार दिवस उरले होते. दुपारी मी तक्ते करत बसले होते आणि तुम्ही कापडी पिशवी घेऊन आलात.

"ताई, जरा बोलायचं व्हतं."

"बोला, पण लवकर."

तुम्ही पिशवी माझ्या तक्त्यांवर उपडी केलीत. कापूस होता. सरकी काढून, हातानं पिंजून, लांब सैल पेळू केलेले.

"हे म्या रोज सांजच्याला खालच्या फळीला घालतो. सकाळी तुमी यायच्या आत काढून घेतो. दिवाळीपासून चालू हाय."

मला आधी कळलंच नाही. "कामून?" मी तुमच्याच भाषेत विचारलं.

"थंडी वाजायली व्हती त्यांना. एकमेकाच्या अंगावर चढून बसायलते. आता कापसात घर करून निजत्यात. काल तुमी फोनवर वडलाला सांगत व्हताव, मलम लागू पडलं म्हणून. पडलं बी आसंल, म्या न्हाई कशाला म्हनू? पर ही ऊब तुमच्या कागदात न्हाई."

मी काय बोलले ते इथं लिहिते, कारण ते पुसून टाकायचा मला हक्क नाही. "तुम्हाला काय कळतं यातलं?" असं म्हणाले. माझी दोन वर्षं पाण्यात घातलीत, असंही म्हणाले. आवाज बाहेरच्या पायरीपर्यंत गेला असेल.

तुम्ही कापूस गोळा करत होतात. मान वर न करता म्हणालात, "कळत न्हाई, म्हणून तर सांगायलोय. कळत आसतं तर गप बसलो आसतो."

तुमची नोकरी तेव्हा पक्की नव्हती. दर वर्षी नवा आदेश निघाला तरच पुढचं वर्ष. गप्प बसला असतात तर कुणालाही, अगदी मलाही, कधी कळलं नसतं. मी डॉक्टर झाले असते, माझ्या मलमाचं कौतुक झालं असतं, आणि तुम्ही एसटीनं रोज येत राहिला असतात. हे सगळं तुम्हाला ठाऊक होतं. तरी पिशवी घेऊन आलात. त्या दिवशी मला तुमचा फक्त राग आला. त्यातलं मोठेपण कळायला मला वर्षं लागली, आणि कळल्यावर सांगायला तोंड उघडलं नाही.

सरांनी तुम्हाला बोलावलं. मी शेजारीच उभी होते, तुम्हाला आता काढून टाकतील आणि बरं होईल, असं मनात म्हणत. होय, म्हणत होते.

"कापूस घालायचा नाही, हे तुम्हाला माहीत होतं ना?" सरांनी विचारलं.

"व्हतं, साहेब."

"मग?"

"जखम केलेलं जित्राब म्होरं कुडकुडायलंय, अन् माझ्या घरी कापूस पडलाय. कसं करावं, तुमीच सांगा."

 सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सगळं पुन्हा कर. दोन्ही फळ्यांवर अर्ध्या पिंजऱ्यांना कापूस दे, अर्ध्यांना नको. आणि कापूस अप्पांच्या हातचा."

एक वर्ष गेलं. मी त्या वर्षात तुमच्याशी कामापुरतं बोलले, आणि तुम्ही मात्र रोज माझ्या टेबलावर चहा झाकून ठेवत राहिलात. दुसऱ्या हिवाळ्यात निकाल आला. माझं मलम जवळपास निरुपयोगी निघालं. कापसात झोपणाऱ्या शेठजींच्या जखमा मात्र खरोखर लवकर मिटत होत्या, मलम लावा की लावू नका. ज्याच्या अंगातच बरं न होण्याची खोट आहे, त्यालाही ऊब मिळाली, घर करायला काही मिळालं, तर त्याची कातडी जरा तरी वळते. एवढं माझ्या हाती लागलं आणि त्यावर मला पदवी मिळाली. खरं तर ते तुमच्या हाती आधीच लागलेलं होतं.

प्रबंध बांधून आला तेव्हा पहिली प्रत मी तुमच्याकडे आणली. आपण तोवर पुन्हा बोलायला लागलो होतो. तुम्ही हात धुऊन, पुसून ती हातात घेतलीत. "माझं कुठं हाय का ह्यात?" असं लाजत विचारलंत. मी पान काढलं आणि मराठीत करून वाचून दाखवलं: पहिल्या फेरीत काही पिंजऱ्यांत चुकून कापूस गेल्यामुळे ती फेरी हिशेबात घेतलेली नाही.

तुमचा चेहरा उतरला. "चुकून?"

"हो."

"चुकून कुठं गेला, ताई? म्या जाणून घातला. रोज घातला."

"तुमच्यासाठीच तसं लिहिलंय, अप्पा. उगाच तुमच्यावर बालंट नको."

"माझ्यावर कोन यायलंय? म्या केलं ते म्या केलं म्हणून लिवा की."

"आता छापून झालंय."

"बरं," तुम्ही म्हणालात. "पुढच्या खेपेला लिवा."

पुढची खेप म्हणजे काय, हे आपल्या दोघांनाही माहीत नव्हतं. पण तुम्ही विसरला नाहीत. मी इथेच शिकवायला लागले, प्राणिगृह माझ्याकडे आलं, दारावरचा नियम मी बदलला, प्रत्येक पिंजऱ्याला कापूस द्यायचा असं स्वतःच्या सहीनं लावलं. तुम्हाला आनंद झाला. तरी दर वर्षी थंडी पडली, तुम्ही घरच्या कापसाची पिशवी घेऊन आलात, की विचारायचातच, "ताई, त्यो शब्द बदललाव का?" मी हसण्यावारी न्यायचे. कधी म्हणायचे, ग्रंथालयातलं पुस्तक आहे ते, पाटीवरचं नाही. कधी म्हणायचे, तुमच्याइतका हट्टी माणूस अख्ख्या पूर्णा तालुक्यात सापडणार नाही. तुम्ही म्हणायचात, "बरं. पुढच्या खेपेला."

मी एक गोष्ट तुम्हाला कधी बोलले नाही, आज बोलते. तो शब्द मी तुमच्यासाठी घातलाच नव्हता. तुम्ही रोज, जाणून, दोन महिने कापूस घातलात असं लिहिलं असतं, तर तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न आला असता: तेव्हा तुम्ही कुठे होता, बाई? दिवसाआड जखम मोजणारी मी, पण संध्याकाळी एकदाही थांबून पिंजऱ्यात डोकावले नाही. चिमट्यात धरलेला धागा कुठून आला ते विचारलं नाही. चुकून या एका शब्दात तुम्ही नव्हे, मी लपले होते. आणि मला खात्री आहे की हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून कळलं होतं. कळूनही इतक्या हिवाळ्यांत एकदासुद्धा म्हणाला नाहीत. मी आपणहून सांगावं म्हणून नुसतं विचारत राहिलात.

काल ताडकळसला आले. आठवडी बाजाराचा दिवस होता, रस्त्यात गाड्या अडकल्या होत्या, मला वाटलं उशीर होतोय. नाही झाला. तुमच्या लिंगायत रीतीप्रमाणे तुम्हाला बसवलेलं होतं, कपाळावर ताजी विभूती, बेलाची पानं, डोळे मिटलेले. तशी बैठक मला नवी नव्हती. दुपारी पिंजऱ्यांसमोरच्या स्टुलावर तुम्ही असेच बसायचात. तसंच बसवून तुम्हाला मातीत ठेवलं. मी मूठभर माती घातली आणि शरणार्थ म्हणाले.

निघताना काकूंनी हाताला धरून आत नेलं. कोपऱ्यात यंदाची पिशवी होती. अर्ध्या कापसातली सरकी काढलेली, अर्ध्यातली तशीच. "सोमवारी आणून देनार व्हते," त्या म्हणाल्या. "घेऊन जा." मग पिशवी माझ्या हातात दिली. "ताई, ते कायतरी शब्द बदलायचा व्हता म्हणं तुमच्याकडं. लय खेपा म्हणायचे. बदललाव का?"

काकूंना मी न्हाई म्हणाले, अप्पा.  त्यांनी रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "आसू द्या, चहा घ्या."

आज सकाळपासून पिंजऱ्यांपाशी, तुमच्या स्टुलावर बसून उरलेली सरकी काढतेय. नखं दुखायला लागली. तुम्ही बोलता बोलता ढीग करायचात, माझी ओंजळसुद्धा भरली नाही. मधे उठून ग्रंथालयात गेले आणि माझा प्रबंध काढून आणला. इतक्या वर्षांत तो तीनच जणांनी नेलाय, त्यातली एक मीच. तुम्ही म्हणायचात छापलेलं बदलावं, मी म्हणायचे बदलता येत नाही. दोघांनाही एक साधी गोष्ट सुचली नाही. छापलेलं चुकलं तर शुद्धिपत्र लावतात. ते मी आता लिहिलं आहे, खाली सही केली आहे, आणि त्या पानाला चिकटवलं आहे. मराठीत करून वाचून दाखवते.

"'काही पिंजऱ्यांत चुकून कापूस गेल्यामुळे' याऐवजी असे वाचावे: 'प्राणिगृहाचे गुरुलिंगअप्पा यांनी थंडीत कुडकुडणाऱ्या उंदरांना रोज संध्याकाळी, जाणून, कापूस दिला आणि स्वतःहून सांगितले. संशोधिकेने दोन महिने पाहिले नाही.'"

डिंक अजून ओला आहे, अप्पा. पाच वाजले. शेठजींना कापूस द्यायला उठते.